टाकोराडीचा बाजार

"अगं, डोक्यावर घमेलंभर टोमॅटो, पाठीला बाळ बांधलेलं, आणि बाई बघ कशी झपझप चाललीये!" हरीश फोनमध्ये ओरडून सांगत होता. ओरडावंच लागत होतं. उजव्या हाताला भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाचा उद्धार चालला होता, डावीकडे केळ्यांचे घड उतरत होते, आणि धुरी दिलेल्या माशांचा वास नाकात बसला होता.

"ऊन फार आहे का रे?" वैजयंतीनं नॉटिंगहॅमहून विचारलं.

हरीश मनात एक-दोन म्हणेपर्यंत थांबला. "मरणाचं! शर्ट पिळून काढावा असा घाम."

"मायरानं विचारायला सांगितलंय, बाजारातून समुद्र दिसतो का."

पुन्हा एक-दोन. "दिसतो ना! आत्ताच होड्या लागल्यात किनाऱ्याला. मासे अजून तडफडतायत. आमच्या एफुआबाई ताजा मासा काढून ठेवतात माझ्यासाठी. आज मस्त कालवण."

"आज?" वैजयंती म्हणाली. मग म्हणाली, "बरं. जपून राहा."

फोन बंद करून हरीशनं मफलर गळ्याभोवती घट्ट गुंडाळला आणि बसला वाट द्यायला मागे सरकला. बस लाल होती, दुमजली होती आणि लंडनची होती.

टाकोराडी त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. कंपनी त्याला सहा महिन्यांसाठी घानाला पाठवणार होती, तिथल्या बंदराच्या कॉम्प्युटरच्या कामावर. इंजेक्शनं टोचून झाली, मित्रांच्या जेवणावळी झाल्या, आणि जायच्या आठवड्यात ते काम रद्द झालं. कामाबरोबर हरीशही रद्द झाला. तरीही ठरल्या दिवशी वैजयंतीनं त्याला स्टेशनवर सोडलं, आणि हा पठ्ठ्या बॅग घेऊन निमूटपणे ट्रेनमध्ये बसला. उतरला तो लंडनच्या पेकहॅमला, आफ्रिकन दुकानांच्या गजबजाटात.

आता कुणी म्हणेल, सांगून टाकायचं बायकोला! पण बेसिंगस्टोकची नोकरी गेली तेव्हा वैजयंती आपली लॅबमधली जागा सोडून त्याच्यामागे ग्लासगोला आली होती. ग्लासगोची गेली तेव्हा नॉटिंगहॅमला आली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हाच तिनं बजावलं होतं, "तिसऱ्यांदा नाही हं, हरीश. परत असं झालं, तर मी मायराला घेऊन पुण्याला जाईन." वैजयंतीचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणून सहा महिन्यांच्या आत दुसरी नोकरी धरायची आणि मग घानाहून परत यायचं, असा याचा बेत होता.

तोवर तो एफुआबाईंच्या दुकानात सुरणाएवढ्या याम कंदांच्या गोणी उचलत होता. बाई अस्सल टाकोराडीच्या. त्या गप्पांत जे सांगत, ते हा गरमागरम नॉटिंगहॅमला वाढत असे. फोनवर उत्तर द्यायला थोडा उशीर करायचा, म्हणजे आवाज लांबून येतोय असं वाटतं, ही अक्कल मात्र त्याची स्वतःची.

"माझं गाव विकून खातोस मेल्या," एफुआबाई इंग्रजीत म्हणायच्या, पण सूर अगदी आपल्याकडच्या मावशीचा. "आज काय विकलंस?"

"होड्या. ताजे मासे."

बाईंनी कपाळावर हात मारला. "मंगळवारी? अरे, मंगळवारी आमच्याकडे एक होडी पाण्यात जात नाही! तो समुद्राच्या विश्रांतीचा वार. शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

हरीश हसला. "नॉटिंगहॅममध्ये कुठलं आलंय तुमचं शेंबडं पोर?"

हसला खरा, पण रात्री त्याला आठवलं, वैजयंतीचाही मंगळवार असतो. लग्नापासून त्यांच्या घरात मंगळवारी मासळी शिजली नव्हती. आणि आपण तिला कालवणाच्या गप्पा सांगून बसलो! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. झोप उडाली त्याची.

पण देव असल्या माणसांवरही मेहेरबान होतो. पुढच्याच सोमवारी नोकरीचा होकार आला, तोही डर्बीहून. नॉटिंगहॅमपासून हाकेच्या अंतरावर! बिऱ्हाड हलवायला नको, कुणाला काही कळायला नको. हरीशनं भर दुकानात एफुआबाईंना मिठी मारली.

"आता तरी बायकोला खरं सांग," बाई म्हणाल्या.

"आता कशाला?" हरीश म्हणाला. "आता तर गरजच नाही."

मंगळवारी दुपारी दुकानासमोर उभं राहून त्यानं फोन लावला. "ऐक, काम लवकर संपलं! पुढच्या आठवड्यात घरी येतो. आणि डर्बीत नवीन नोकरीचंही जमलंय, इथूनच बोलणी केली."

"अरे वा," वैजयंती म्हणाली.

एवढंच? हरीश म्हणाला, "तू कुठेयस?"

"कुठे असणार? लॅबमध्ये. आमच्याकडे ती कम्फर्ट नावाची बाई आहे ना, ती टाकोराडीची निघाली. तिला म्हटलं, नवरा तिकडे मंगळवारी मासे खातो बघ. तर म्हणाली, मंगळवारी होड्याच जात नाहीत तिकडे."

एक-दोन. "म्हातारी माणसं पाळतात गं. आता कोण मानतंय?"

"असेल. पण तुझ्या एफुआबाईंचं नाव काढलं, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, त्या बाई टाकोराडीत कशा असतील?"

"का?" हरीश एक-दोन म्हणायचं विसरला.

तेवढ्यात रस्त्यापलीकडे कुणी धर्मोपदेशक खोक्यावर चढला आणि कर्ण्यातून गरजला, "पापी लोकहो, वेळ थोडा उरलाय!" हरीशनं मोकळ्या कानावर हात दाबला. आवाज तरीही तेवढाच स्पष्ट येत राहिला. फोनमधून.

 हरीश वळायला गेला.

"मागे वळू नकोस," वैजयंती म्हणाली. "आधी सांग, तू कुठे आहेस?"