फोरमनचा कान

पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवून, मूठ कानाशी धरून फोरमन सांगायचा, बेअरिंग कधी जाणार. आणि ते तेव्हाच जायचं. ही विद्या यंत्रात उतरवून विकायची म्हणून कारखान्याच्या मालकाने विद्यापीठाशी करार केला. प्राध्यापिकाबाईंनी सहा महिने मायक्रोफोन लावून आवाज टिपले, पण यंत्राच्या डोक्यात काही शिरेना. एकदा मागून फोरमनच्या खांद्यावर बाईंचा हात पडला. "काका, चार हाका मारल्या!" तो दचकून वळला. "कान गेलेत, बाई. थरथर हाताला कळते. मालकांना सांगू नका." बाईंनी मायक्रोफोन उपटला, थरथर मोजणारा सेन्सर बसवला. महिन्याभरात यंत्राचे अंदाज अचूक ठरू लागले, ऑर्डरी धडकल्या. मालकाने विचारलं, "मायक्रोफोन का काढलात हो?" त्याचे ओठ वाचून फोरमनने बाईंकडे पाहिलं. बाई फोरमनकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "काकांसारखा कान आम्हाला जमला नाही."