चाकं काही ठरेनात

पन्हाळ्याच्या उतारावर पडले तेव्हा दिगंबररावांचा खांदा मोडला आणि सायकलची चाकं वाकली. खांदा केव्हाच जुळला, पण नवी चाकं काही ठरेनात.

"दोन्ही ब्रँड एकाच कंपनीचे, सख्खे भाऊच," चहाला येईल त्याला ते समजावत. "रिम तीच, बेअरिंग तेच. फक्त एकात स्पोक तीन-तीनच्या जुडीनं बसवलेत, दुसऱ्यात सुटे. नीट विचार करायला हवा."

"मला बघायला आलात तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिला होतात," उज्ज्वलाताई नवऱ्याला हसून म्हणत.

एका सकाळी त्यांनीच जुडीवाली चाकं बसवून आणली आणि सायकल दारात उभी केली.

"अगं, हीच का?"

"रंग आवडला. आता दुसरं कारण शोधा."

दिगंबररावांनी पुढचं चाक एकदा फिरवून पाहिलं.

"पुन्हा पडलो तर?" ते हळूच म्हणाले.

या वेळी उज्ज्वलाताई हसल्या नाहीत. "मी स्कूटीवरून मागे येते. उतार आला की उतरून चाला. कोण बघतंय?"

ते निघाले. सपाटीवर पाय आपोआप फिरू लागले. उतार लागताच मात्र ते निमूट उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले. स्कूटी मागून सावकाश येत होती. एकदाही हॉर्न वाजला नाही.

अर्ध्या उतारावर ते थांबले. "इथून बसतो," म्हणाले, आणि उज्ज्वलाताईंचं "अहो, ब्रेक धरा!" कानावर येईपर्यंत पहिलं वळण मागे पडलं होतं.