हो की नाही

"कामिनी आठे शे का, मावशी? हां का नही, इतलंच सांगा."

अमृत अंगणात उभा होता. गाडीचं दार त्याने उघडंच टाकलं होतं. चार दिवसांपूर्वी त्याची बायको घर सोडून निघून गेली होती, आणि तेव्हापासून तो शहादा, तळोदा, नवापूर असा एकेक लॉज विचारत फिरत होता.

वत्सलाबाई पायरीवर गहू पाखडत होती. "बसा भाऊ. पानी ल्या."

"पानी नको. शे का ती?"

"मन्हा घरमा कोन उतरस, हाई मी कोनले सांगत नही."

तिचा नवरा पितांबर बाजेवर ठिबकची नळी जोडत बसला होता. त्याचे हात थांबले. घरामागे केळीच्या बागेला लागून त्यांच्या दोन खोल्या होत्या. प्रकाश्याला दर्शनाला येणारी, सारंगखेड्याची यात्रा बघायला येणारी सुरतकडची मंडळी फोनवरून बुक करून तिथे एक-दोन दिवस राहायची. पण आठ दिवसांपासून दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. कुलपं पितांबरने स्वतःच्या हाताने लावली होती. 'नाही' एवढा एक शब्द, आणि माणूस आल्या वाटेने गेला असता.

त्याने तोंड उघडलं. वत्सलाबाईने सुपावरून नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड मिटलं.

"मी काय परका शे का?" अमृत म्हणाला. परका तो नव्हताच. वत्सलाबाईची लेक भूमिका त्याच्याच चुलतभावाला दिलेली होती.

"परका नही. म्हनीसनच तं पानी इचारं."

"मंग वही दखाडा. नाव लिखतस ना तुम्ही?"

"लिखस. आधार बी पाहस. पोलीस कागद लई उनात, तं त्यास्ले दखाडसू."

अमृत दोन पावलं पुढे आला. खोल्यांकडे जायची वाट त्या पायरीवरूनच होती. वत्सलाबाई उठली नाही, बाजूलाही सरकली नाही. तशीच बसून पाखडत राहिली. अमृत थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, भूमिकाले आमनाच गावमा ऱ्हानं शे."

वत्सलाबाईच्या हातातलं सूप पहिल्यांदाच थांबलं. तिने एक खडा वेचला, अंगणात टाकला.

"पोर तुमना घरमा दिनी, भाऊ. वही नही दिनी."

अमृत गेला नाही. समोरच्या लिंबाखाली गाडीत दोन तास बसून राहिला. येणारे-जाणारे वळून पाहत होते. मग त्याने गाडी सुरू केली, काच खाली केली आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सोयरा दारमा उभा, आनि हाई बाई हां बी म्हनत नही, नही बी म्हनत नही. सगळा गावले सांगसू मी."

धूळ खाली बसल्यावर पितांबर म्हणाला, "खोल्या तं रिकाम्या शेतस. 'नही' म्हनी देती, तं खोटं बी नही व्हतं."

"आज 'नही' म्हनू," वत्सलाबाई म्हणाली, "आनि ज्या दिन खरंच कोनी लपाले ई, त्या दिन काय म्हनू? त्या दिन मी गप बसनी, तं समोरनाले समजी जाई."

पितांबरने नळी पुन्हा जोडायला घेतली. बायको सात यत्ता शिकलेली. खोल्या सुरू केल्या तेव्हा त्याची बाज तिने त्या खोल्यांच्या खिडकीसमोरून हलवायला लावली होती, दुसऱ्या किल्ल्याही पाहुण्यांच्याच हातात द्यायला लावल्या होत्या. तेव्हा तो तिच्यावर हसला होता.

अमृतने शब्द पाळला. लग्नात, बाजारात, दूध डेअरीवर, जिथे जाईल तिथे त्याने ते गाऱ्हाणं सांगितलं. भूमिकाचा फोन आला. सासू दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती. "आनि तिसरा दिन?" पितांबरने घाबरत विचारलं.

"तिसरा दिन इचारं त्यास्नी," भूमिका म्हणाली, "तुन्ही माय खरंच काहीच नही बोलनी? मी म्हनलं, खरंच. मंग त्यास्नी माले जवळ बसाडीसन चहा पाजा."

पंधरवड्यानंतर, एका दुपारी, शहाद्याच्या बसमधून एक बाई उतरली. खांद्याला पिशवी, तोंडाला ओढणी बांधलेली. फाटकाशी येऊन ती उभी राहिली. आत यावं की न यावं असं तिचं चाललं होतं. वत्सलाबाई मागे कपडे वाळत घालत होती. अंगणात एकटा पितांबर होता.

तिने ओढणी सोडली नाही, नाव सांगितलं नाही. पितांबरनेही विचारलं नाही.

"काका," ती हळूच म्हणाली, "हो की नाही तेही सांगत नाहीत, ते घर कुठलं?"

पितांबर उठला. त्याने फाटक पूर्ण उघडलं आणि तिच्या खांद्यावरची पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

"हाईच," तो म्हणाला.