तेहरानचं धुकं

विमानाच्या बाबतीत पुंजारामचा शब्द शेवटचा, हे नाशिक रोडच्या त्या अख्ख्या कॉलनीला मान्य होतं. पुंजाराम ओझरच्या विमान कारखान्यात होता. तिथे तो विमानांच्या चाकांत हवा भरायचा, आणि स्वतः एसटीपलीकडे कशात बसलेला नव्हता. पण कॉलनीतून ओझरला जाणारा दुसरा कोणी नव्हता.

म्हणून सकाळी खंडेरावांनी त्यालाच बोलावून घेतलं. त्यांच्या बायकोने, चतुराबाईंनी, अन्न सोडलं होतं. डॉक्टरांनी औषध बदलायचंही सोडलं होतं. "भास्कर लंडनहून निघालाय," असं खंडेराव तिच्या कानाशी म्हणाले, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले. लेकाला यायला किती वेळ लागेल, एवढंच विचारलं.

पुंजारामने शाळेच्या नकाशावर विती टाकून अंतर काढलं आणि वेगाने भागलं. वेग त्याला एकाच विमानाचा पाठ होता, कारखान्यातल्या लढाऊ विमानाचा. साडेतीन तास, त्याने सांगून टाकलं. खंडेरावांचा चेहरा पांढराफटक पडला. आनंदाने माणसाचं असंही होतं, असं पुंजारामला वाटलं.

मग तो खाटेशी बसून विमान हाकू लागला. आल्प्स मागे पडला. तुर्कस्तान गेलं. दर देशाला चतुराबाई एक चमचा पेज घेत होत्या. विमान इराणवर आलं, तसं खंडेरावांनी त्याला दंडाला धरून गॅलरीत नेलं.

"पुंजाराम, विमान जरा हळू घे."

"अण्णा, तो काय टांगा आहे? आणि पोरगा लवकर आलेला नको का तुम्हाला?"

खंडेरावांनी हात जोडले. नोटांच्या प्रेसमध्ये जन्म काढलेला हा माणूस कुठल्या साहेबापुढे हात जोडणारा नव्हता. पुंजारामला काही कळलं नाही, पण तो आत गेला.

"मुंबई आली असेल ना रे आता?" चतुराबाईंनी विचारलं.

"नाही काकू. तेहरानला उतरवलंय. धुकं आहे फार."

"मग तिथं त्याला जेवायला कोण घालणार?"

"कंपनी घालते, काकू. पोटभर."

त्यांनी आणखी एक चमचा घेतला.

दुपार कलली तरी धुकं हटलं नाही. पेज दोनदा गरम झाली. चतुराबाई धुक्याला शिव्या देऊ लागल्या, म्हणजे अंगात थोडी धुगधुगी आली होती.

दिवेलागणीला खालच्या किराणा दुकानातून हाक आली, खंडेरावांचा फोन आहे. ते उठले, पण दारापर्यंत जाऊन परत खाटेशी येऊन बसले. शेवटी पुंजारामच धावत खाली गेला.

एक्सचेंजमधून एक बाई बोलत होती. परवा बुक केलेला लंडनचा कॉल अजून एकदाही लागलेला नाही, तो उद्यावर ढकलायचा की रद्द करायचा, असं ती विचारत होती.