नसलेलं फंक्शन

माझी नोकरीची मुलाखत चॅटवर चालली होती. पुण्याच्या सोनिया मॅडमनी लिहिलं, "एक्सएमएल फाइलींमधल्या तारखांवरून तिथी काढायची आहे. आपल्या क्वेरीच्या भाषेत तसं फंक्शनच नाही. काय कराल?"

"जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत स्वतः लिहीन आणि क्वेरीच्या भाषेला जोडून देईन. मग ते तिचंच होईल." मी नुसतं सांगितलं नाही, लिहून चालवूनही दाखवलं.

"फौजिया, हे कुठं शिकलात?"

"भोरला, घरी. अम्मीकडून."

"अम्मी प्रोग्रामर आहेत?"

"नाही. मला जन्मापासून ऐकू येत नाही. इकडं खुणांची भाषा शिकवणारं कुणी नव्हतं. जो शब्द नडला, तो अम्मीनं हातांनी बनवला."

 स्क्रीनवर उमटलं, "सोमवारपासून कामावर या."

अम्मी पिठाच्या हातांनी दारातच उभी होती. ओठ हलवत तिनं विचारलं, "काय म्हनत्यात?"

मी दोन्ही हातांनी हवेत स्टिअरिंग फिरवलं. अब्बा टेम्पो चालवतात, म्हणून आमच्या घरात नोकरीची खूण तीच.

अम्मीनं मान हलवली. "न्हाई. ती तुज्या अब्बांची." तिनं दहाही बोटं टायपिंगसारखी हवेत नाचवली आणि तीच बोटं कानशिलांवर मोडली.

मी ती नवी खूण लगेच तिच्यासमोर करून बघितली. पहिल्याच फटक्यात चालली.