क्लीटची मूळ जागा

नव्या सरांनी वैजयंताच्या सायकलिंगच्या बुटाचा तळ उजेडात धरला. पेडलमध्ये अडकणारी क्लीट आत वळलेली होती. तिच्या मूळ जागेची रेघ बाजूला उघडी पडली होती.

“मुद्दाम फिरवलीय. अशानं गुडघा जाणारच. कुणाच्या हाती दिला होतास बूट?”

दिल्लीच्या शिबिरासाठीच्या निवड चाचणीच्या आदल्या संध्याकाळी वडिलांनीच बूट मागून घेतले होते. “तू पड जरा, मी स्क्रू आवळून ठेवतो.” दुसऱ्या दिवशी गुडघा धरून ती रस्त्याकडेला रडत बसली, तेव्हा पाठीवरून हात फिरवणारेही तेच होते.

घरी येऊन तिनं बूट त्यांच्यापुढं उलटा ठेवला. “अप्पा, हे तुम्ही केलंत?”

त्यांनी मान वर केली नाही. “दिल्लीच्या शिबिराला गेली असतीस, तर माझ्याकडं परत आली असतीस का गं?”

“तेव्हा आले असते, अप्पा.”