रविवारची फेरी

"पुन्हा थांबलो? असं थांबत गेलो तर ही नदी आपल्याआधी समुद्राला पोचेल," देर्ना नीवेसच्या कानाशी पुटपुटली. दुखऱ्या गुडघ्याला कोबीची पानं बांधून ती आली होती आणि एकदा थांबलेला गुडघा पुन्हा चालू करणं तिच्या जिवावर येत होतं.

"मग सांग की तुझ्या नवऱ्याला," नीवेस हळूच म्हणाली. "हवा तोच सोडतोय."

देर्नाचा नवरा लोरिस खडीवर उकिडवा बसून आपल्या सायकलीचं पुढचं चाक दाबून बघत होता. चाकाने दगा दिला, असा चेहरा. मघाशी त्यानेच चोरून व्हॉल्व्ह दाबला होता. मागच्या रविवारी देर्नाने थांबून बगळ्यांचे फोटो काढले होते. बगळे तिच्या तळ्यातले मासे खातात, तिला ते डोळ्यांसमोर नको असतात. त्याच्या आधी नीवेसच्या बुटाची नाडी सारखी सुटत होती. नीवेसच्या नवऱ्याला, एर्मेसला, धाप लागली की तिघांपैकी कुणीतरी थांबायचं, आणि धाप हा शब्द मात्र कुणी तोंडातून काढायचा नाही.

एर्मेस नदीच्या बांधावरच्या गवतात बसून खोकत होता.

"हा कापूस!" लोरिस चाकावरची नजर न काढता ओरडला. "सगळे पॉप्लर मुळासकट उपटले पाहिजेत. माझाही घसा धरलाय."

मे महिन्यात पो नदीच्या काठी पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडतो, हे खरं. पण एर्मेसचा खोकला हिवाळ्यातल्या धुक्यापासूनचा. तेव्हा लोरिसने धुक्याला शिव्या घातल्या होत्या.

फेब्रुवारीत डॉक्टरणीने नीवेसला एकटीला आत बोलावलं होतं. एर्मेसच्या फुप्फुसांचं आता काही करण्यासारखं उरलं नाही, म्हणाली. त्यांना सांगायचं का, असंही विचारलं. नीवेस नको म्हणाली. तिच्या आईनेही वडलांना सांगितलं नव्हतं. इकडच्या घरांत असंच चालतं. ज्याचा आजार त्याला सोडून साऱ्या गावाला ठाऊक असतो. नीवेसने देर्नाला सांगितलं आणि देर्नाने कॉफी निवायच्या आत लोरिसला. मग तिघांनी ठरवलं, काही झालं तरी रविवारची फेरी मोडायची नाही. लग्नाआधीपासून चौघं या बांधावर सायकली घेऊन येत होती. धरणाच्या दरवाजांपाशी खानावळ आहे, तिथे तळलेली वाम मासळी खायची आणि परतायचं. फेरी बंद केली तर एर्मेस समजायचं ते समजेल, आणि समजलं की खचेल. त्याचा सगळा जीव या फेरीत, असं तिघंही एकमेकांना सांगत.

या बांधावर मोटारी येत नाहीत. दोन्ही टोकांना लोखंडी अडसर आहेत. इतकी वर्षं त्यांना त्याचंच अप्रूप होतं. चौघांनी शेजारी शेजारी सायकली हाकाव्यात, मोठमोठ्याने भांडावं, मागून कुणी भोंगा वाजवायचा नाही. आज नीवेसने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. पांढरी खडी दोन्हीकडे सारखीच लांब पडली होती. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला परातीसारखी सपाट शेतं. इथे काही झालं तर हाक मारायची कुणाला? आणि तो येणार कुठून?

"चला," एर्मेस म्हणाला. उठताना त्याने हँडलचा आधार घेतला, तेव्हा तिघंही नदीकडे बघत राहिली.

वारा समुद्राकडून, सरळ तोंडावर. नीवेस त्याच्या बरोबरीला आली आणि त्याच्या पाठीवर तळहात टेकवून हळूहळू रेटू लागली. वाऱ्यात बायकोला असं रेटत न्यायचं, ही इकडच्या पुरुषांची रीत. तरुणपणी एर्मेसने तिला असंच नेलं होतं.

"बघ गं देर्ना!" लोरिस मागून म्हणाला. "या वयातही हिचा हात नवऱ्याच्या पाठीवरून निघत नाही. तू कधी ठेवलास माझ्या पाठीवर हात?"

"हात कशाला? लाटणं ठेवते की!"

एर्मेसही हसला. ते हसू खोकल्यात बुडालं.

सदऱ्याखाली मणका न मणका नीवेसच्या हाताला लागत होता. एका हाताने सायकल सांभाळताना तिचा खांदा भरून आला. खाली पाण्यात एक बदक थोडा वेळ त्यांच्या सोबतीने पोहलं, मग कंटाळून पुढे निघून गेलं. ती आणखी जोर लावून रेटू लागली. पुढे खडी जाड झाली. तिचं चाक सरकलं, तोल गेला आणि हात सुटला.

हात सुटताच एर्मेसची सायकल जागच्या जागी थांबली. त्याने पाय टेकला. छाती भात्यासारखी चालली होती.

"अगं बाई, बगळा!" देर्नाने फोन वर धरला. आभाळात काहीच नव्हतं.

"गेली वाटतं हवा पुन्हा," म्हणत लोरिस चाकाकडे वाकला.

नीवेसनेही खाली बसून बुटाला हात घातला. नाडी घट्ट बांधलेली होती. तिने ती सोडली.

एर्मेसने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. एक आभाळात बघतेय, दोघं जमिनीकडे. त्याने सायकल गवतावर अलगद आडवी केली आणि श्वास जुळेपर्यंत वाट पाहिली. त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात कुणालाही नवीन काही सुचलं नाही.

"मी मरतोय रे," तो म्हणाला. "मला ते हिवाळ्यापासून कळतंय. पण तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून अजून किती रविवार मी ही सायकल मारायची?"